लहानपणीच्या रहस्यकथा आणि अद्भुतकथा : तुमचे अनुभव लिहा

लेक आता सहावीत जाईल. भुयार, चोर, जादू यातलं काहीतरी असल्याशिवाय तिचं पुस्तक पुढे सरकतच नाही, म्हणून हा धागा. तुम्हाला त्या वयात कशानं धरून ठेवलं होतं आणि तेच आज मुलांना दिलं तर चालतंय का, ते लिहा. नुसती नावांची यादी नको प्लीज, काय आवडलं तेही सांगा.

मी सुरुवात करते. माझा अर्थातच फाफे, म्हणजे फास्टर फेणे! भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, किडकिडीत, सायकलवर सुसाट आणि तोंडात ट्टॉक. माझी मावशी हडपसरला राहायची, त्यामुळे फुरसुंगी हे खरंखुरं गाव आहे, बसने जाता येतं, हेच मला भारी वाटायचं. त्याच्याकडे ना जादू ना हत्यार. मोठी माणसं ज्याच्याकडे बघतही नाहीत ते त्याला दिसतं, बस. लेकीला दिला तर पहिली काही पानं कुरकुरली, मग जेवायला हाका माराव्या लागल्या.

रानमेवा
आमच्याकडे चिपळूणला वडील रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. झुंजार, काळा पहाड सगळं घरात यायचं पण आम्हा पोरांना मनाई, ते मोठ्यांचं म्हणून. मला खरं वेड लावलं ते 'मुक्काम शेंडेनक्षत्र'ने. हेही भागवतांचंच, ज्यूल व्हर्नच्या 1877 च्या कादंबरीवरून. धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि तिचा एक तुकडा माणसांसकट उचलून नेतो, पण हे त्या माणसांना माहीतच नसतं! सूर्य पश्चिमेला उगवायला लागतो, दिवस निम्म्यावर येतो, साधी उडी मारली तरी माणूस कुठल्या कुठे जातो, आणि यावरून त्यांनी ओळखायचं की आपण आहोत कुठे. खून नाही, दरोडा नाही, तरी इतकं पक्कं रहस्य मी नंतर फार कमी वाचलं. माझा भूगोल त्या पुस्तकाने सुधारला असं मी आजही मानतो.

मोगरी
फेलुदा कुणीच कसा नाही लिहिला अजून? सत्यजित राय यांनी 1965 पासून लिहिलेल्या या बंगाली गुप्तहेराच्या गोष्टी, मराठीत अशोक जैन यांचा अनुवाद आहे आणि तो फार सहज वाचला जातो. त्यातली एक गोष्ट चक्क वेरूळला घडते, मूर्तिचोरांची टोळी, भुवनेश्वरच्या देवळातलं यक्षीचं शीर आणि कैलास लेणं. आम्ही संभाजीनगरचे, लेणी शाळेच्या सहलीत पाहिलेली, तेव्हा सगळं लक्ष डब्याकडे होतं. गोष्ट वाचल्यावर बाबांच्या मागे लागून पुन्हा गेले आणि सोळा नंबरच्या लेण्यात प्रत्येक खांबामागे कोणी लपू शकेल का ते बघत फिरले. मूर्ती चोरून विकतात ही गोष्ट मला बातम्यांतून नाही, फेलुदाकडून कळली. मुलांना जटायू, म्हणजे फेलुदाचा विनोदी लेखक-मित्र, खूप आवडतो, तिथपासून सुरू करा, म्हणजे 'सोनार केल्ला'पासून.

चांदणवेल
+1 फाफे. आणि चांदोबा! वेताळाने प्रश्न टाकला की आजी पान झाकायची, आधी तुम्ही उत्तर द्या म्हणायची.

खडूफळा
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शेवटच्या तासाला रहस्यकथा मोठ्याने वाचतो आणि उलगड्याच्या आधीचं प्रकरण संपलं की पुस्तक बंद. मग फळ्यावर संशयितांची नावं, प्रत्येकासमोर पुरावा काय ते पोरांनीच सांगायचं. नुसतं "तो वाईट दिसतो" चालत नाही, कुठल्या पानावर काय लिहिलंय ते दाखवायचं, आणि एरवी वाचायला लाजणारी पोरंसुद्धा तेवढ्यासाठी मागची पानं चाळून वाक्य शोधून आणतात. परीक्षेच्या उताऱ्याने हे कधी झालं नाही. किशोर मासिकाचे जुने अंकही याला उत्तम.

परदेशी पाखरू
आम्ही जर्मनीत. मुलाचं बोलणं मराठी पण वाचन अडखळत, आणि फाफे दिला तर सगळं जगच अनोळखी. म्हणून हॅरी पॉटरचा मराठी अनुवाद मागवला. गोष्ट त्याला आधीच पाठ होती, त्यामुळे जोडाक्षरावर अडला तरी पुढे काय होणार हे माहीत असायचं आणि तो थांबायचा नाही. आता आजोबा व्हिडिओ कॉलवर फाफे वाचून दाखवतात, फुरसुंगी नकाशावर शोधून झालंय. एक मात्र सांगते, तिसऱ्या भागातले ते आनंद शोषून घेणारे पहारेकरी रात्री झोपताना वाचू नका, आणि चौथ्याच्या शेवटापासून गोष्ट फारच काळोखी होते. दहाच्या आतलं मूल असेल तर आधी आपण वाचा, मग शेजारी बसून त्याला वाचू द्या.