आबांच्या पायावर अभ्यास करायचाय म्हणतात, होकार द्यावा का?

वाळव्याची_लेक
गाव वाळवा तालुक्यात. आबांना शुगर जुनी. अंगठ्याची जखम चिघळत गेली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता जयपूर फूट बसवलाय. काठी घेऊन उसाच्या बांधावर जातात, मोटार स्वतः चालू करतात.

परवा तपासणीला गेलो तेव्हा फिजिओथेरपी शिकणाऱ्या दोन मुली भेटल्या. पाय गेलेल्यांचं पुनर्वसन कसं होतं यावर त्यांचं संशोधन चाललंय. चालण्याची चाचणी, भलीमोठी प्रश्नावली, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच सगळं. पैसे घेत नाहीत, देतही नाहीत. आई म्हणते, "माणूस हाय का उंदीर?" आबांनी प्रश्न वाचून घेतले आणि हसत सुटले. खोल, मऊ खुर्चीतून किंवा सोफ्यावरून उठता येतं का, असं विचारलंय. आमच्याकडं सोफाच नाही.

यात धोका काही? आणि रात्री नसलेल्या पायाची बोटं ठणकतात म्हणतात, त्यावर यातून काही निघेल का?

कृष्णाकाठ
कशाला नसती भानगड. त्यापेक्षा आयआयटी मद्रासनं २०२२ साली 'कदम' नावाचा देशी कृत्रिम गुडघा काढलाय, तो बसवा.

बांधावरचा
कदम गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांसाठी आहे हो. आबांचा गुडघा स्वतःचा शाबूत आहे, तो काय काढून ठेवायचा?

ताई, माझा उजवा पाय ट्रॉलीखाली गेला, तोही गुडघ्याखालीच. पलूसकडं द्राक्षबाग आहे. अशाच एका अभ्यासात मी होतो म्हणून सांगतो, जाऊ द्या आबांना. पण मुकाट्यानं रकाने भरून येऊ नका.

तो सोफ्याचा प्रश्न बहुतेक अमेरिकेतल्या सिएटलच्या प्रश्नावलीतला असणार, १९९८ सालची आहे ती. तिच्यात मोटारीत बसणं-उतरणं आहे, शॉवर आहे, फुटपाथ आहे. मांडी घालून पंगतीला बसणं नाही, उकिडवं बसणं नाही. आणि गंमत बघा, जयपूर फूट निघाला तोच या अडचणीतून. साठच्या दशकाच्या शेवटी कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी तो केला, कारण बाहेरच्या पद्धतीच्या पायाला बूट लागायचा आणि घोट्यात तो वाकायचा नाही. उकिडवं बसायचं तर घोटा वाकायला हवा, मांडी घालायची तर पाऊल वळायला हवं. म्हणून तो रबराचा, अनवाणी चालणारा. पाय आपल्या बसण्यावर बेतला आणि मोजायला घेतात सोफा!

मी त्या पोरीला म्हटलं, तुझे प्रश्न संपले की माझेही लिहून घे. पाणी सोडलेल्या सरीत पाय रुतला तर स्टंप, म्हणजे उरलेला पाय, सॉकेटमधून, म्हणजे कृत्रिम पायाच्या वाटीतून, उपसून येतो का? पाठीवर पंप घेऊन मांडवाखालून वाकून चालता येतं का? बिचारी आधी गोंधळली, मग समासात लिहायला लागली. पुढच्या खेपेला कागदावर त्यासाठी मोकळी जागा ठेवली होती.

दुसरं म्हणजे चालण्याची चाचणी. सहा मिनिटांत किती मीटर, तेही गुळगुळीत फरशीवर. सकाळी सॉकेट घट्ट बसतं. दिवसभर वापरलं की स्टंप जरा बारीक होतो, पाय आत हलायला लागतो, मग वरून एक मोजा वाढवावा लागतो. तेव्हा चाचणी किती वाजता झाली आणि स्टंपवर किती मोजे होते, हे कागदावर घालायला लावा. पुढच्या वेळी आकडा बदलला तर तो आबांमुळे बदलला का मोज्यामुळे, ते कळायला नको? स्टंपवर फोड किंवा लाली असेल त्या दिवशी चालायचं नाही, मग कुणी कितीही आग्रह करो.

सही करण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन तपासणाऱ्या समितीची, मंजुरी बघा, माहितीपत्रक मराठीत मागा, एक प्रत घरी ठेवा. मधूनच नको म्हटलं तरी उपचार अडवता येत नाहीत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे. वहिनींना, म्हणजे तुमच्या आईंना, हे वाचून दाखवा.

मिरज_फिजिओ
मोज्यांचा मुद्दा लाखातला. आमचे विद्यार्थीसुद्धा विसरतात.

बोटांच्या ठणक्याबद्दल: आबा खोटं बोलत नाहीयेत आणि त्यांना भासही होत नाहीत. पाय गेला तरी त्याच्या नसा आणि मेंदूतली त्याची जागा राहते. नव्वदच्या दशकात मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय पुढे आणला. दोन्ही पायांच्या मधे उभा आरसा धरायचा, उजवं पाऊल सावकाश हलवायचं आणि आरशातलं बघायचं, डावं हलतंय असं दिसतं. काहींना चांगला आराम पडतो, काहींना अजिबात नाही, अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. कपाटाचा जुना आरसा चालतो, फक्त पहिल्यांदा फिजिओसमोर करा. ठणका झोपू देत नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधंही आहेत. त्या मुलींचा अभ्यास चालण्याचा दिसतो, त्यातून या दुखण्यावर काही मिळेल अशी आशा नको.

मला जास्त काळजी उजव्या पायाची वाटते. जयपूर फूट अनवाणी चालतो म्हणून आबा उजवा पायही अनवाणी टाकत असतील. शुगरमध्ये तळव्याची संवेदना कमी होते, काटा मोडला तरी कळत नाही. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघा. आणि झोपताना डाव्या गुडघ्याखाली उशी नको, गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग सॉकेट नीट बसत नाही.

वाळव्याची_लेक
उशी रोज असते! आजच काढते. आबा तयार झालेत, पण चाचणी बांधावर घ्या म्हणून हटून बसलेत.

मिरज_फिजिओ
बांधावरही घ्या, पण फरशीवरच्या जोडीला. सपाट जागेवरचा आकडा नसेल तर बाकीच्या लोकांशी ताडायचं कसं?

बांधावरचा
ताडा की. पण ऊस काही फरशीवर उगवत नाही, हेही अहवालात येऊ द्या.

वाळव्याची_लेक
दोन्हीला त्या मुली तयार आहेत, मॅडमना विचारून कळवतो म्हणाल्या. आत्ता उजवा तळवा बघितला, टाचेला भेग आहे आणि आबांना पत्ताच नाही. उद्या आधी ती दाखवायला नेते, सहीचं नंतर.