शब्दचर्चा: ॲनालायझरवरच्या 'होल्ड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (नंदेसरी, वडोदरा): सांडपाण्याच्या पीएच ॲनालायझरशेजारी (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते मोजणारं उपकरण) सूचनाफलक लावायचाय. गुजराती तयार आहे. शिफ्टमध्ये जळगाव-धुळ्याकडची मुलं आहेत, म्हणून मराठीही हवा. ॲपने दिलेले शब्द असे: होल्ड – मापन थांबवा, रीसेट – पुनर्स्थापित करा, सिक्युरिटी – सुरक्षा. चालतील का?

मकरपुऱ्याहून: पहिला तर मुळीच नको. होल्डमध्ये मापन थांबतच नाही. प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवलेली मोजणारी कांडी, मोजत असतो, बहुतेक उपकरणांच्या पडद्यावर आकडाही हलत असतो. जागच्या जागी राहतो तो कंट्रोल रूमकडे जाणारा 4 ते 20 मिलीअँपियरचा सिग्नल. 0 ते 14 पीएचची रेंज लावली असेल (0 ला 4 मिलीअँपियर, 14 ला 20) आणि पीएच 7 असताना होल्ड दिला, तर तिकडे 12 मिलीअँपियरच जात राहणार. मग तुम्ही तपासणीसाठी प्रोब काढून 4 पीएचच्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवा, तिकडे कुणाला पत्ता लागणार नाही. होल्ड न देता बुडवलात तर कंट्रोलरला वाटेल पाणी आम्लधर्मी झालं आणि डोसिंग पंप (रसायन सोडणारा पंप) आम्ल मारायला कॉस्टिक ओतायला लागेल. म्हणून 'आउटपुट धरून ठेवा' लिहा. शेवटचा आकडा धरायचा की आधी ठरवलेला, हे बऱ्याच उपकरणांत निवडता येतं. 'धरून ठेवणे' दोन्हींना चालतं.

अलकापुरीहून: 'स्थगित' का नको? सुटसुटीत आहे.

मकरपुऱ्याहून: तो कचेरीतला शब्द झाला. खटला स्थगित होतो, बदली स्थगित होते, म्हणजे कामच थांबतं. इथे काम चालू आहे, फक्त बातमी बाहेर जात नाही. आणि खरं सांगू का, प्लँटवर सगळे 'होल्डवर टाक', 'होल्ड काढ' असंच बोलतात. फलकावर 'होल्ड' ठळक लिहा, अर्थ खाली बारीक. 'काम झाल्यावर होल्ड काढा' ही ओळ मात्र होल्डइतकीच मोठी हवी. राहून गेला तर ट्रेंडवर (कंट्रोल रूममधल्या आलेखावर) सरळ रेघ येते, आणि सरळ रेघ बघून शिफ्टवाला खूशच होतो!

रानोलीहून: रीसेटचं दुखणं वेगळं. एका शब्दात तीन कामं आहेत. अलार्म रीसेट म्हणजे लागून राहिलेला इशारा मोकळा करणं. साधा रीसेट म्हणजे उपकरण बंद करून पुन्हा चालू केल्यासारखं. सेटिंग जागेवर राहतं. फॅक्टरी रीसेटमध्ये मात्र तुमची रेंज, अलार्मच्या मर्यादा आणि कित्येक उपकरणांत कॅलिब्रेशनही (बफरशी जुळवून घेतलेलं मापही) जातं. 'पुनर्स्थापित करा' वाचून नवा मुलगा यातलं कुठलं करेल? माझ्या मते शेवटच्याला 'सगळं सेटिंग पुसून कंपनीचं मूळ सेटिंग आणा' असं लांबलचकच लिहा. 'पुसून' दिसलं की बोट थबकतं.

अलकापुरीहून: हे पटलं. सिक्युरिटीला 'सुरक्षा' लिहिलंत तर सेफ्टीलाही तोच शब्द. लोक हेल्मेट-गॉगल शोधतील.

रानोलीहून: अगदी. तिथे फक्त पासकोड आहे, तेव्हा 'कुलूप' लिहा. 'मेनूला कुलूप आहे, कोड शिफ्ट इन्चार्जकडे.' आणि कोड फलकावर छापू नका. हसू नका, पाहिलंय मी.

प्रश्नकर्ता: घेतलं सगळं. एकच राहिलं, होल्ड लागला की लागलं?

मकरपुऱ्याहून: आमच्याकडे होल्ड लागतो, रीसेट होतं. कारण विचारू नका.