एसटीच्या छताला टांगलेला दोलक

प्रश्न: सातारा स्टँडवरून सुटलेली एसटी २ मी/से² त्वरणाने वेग घेतेय. छताला १ मीटरचा साधा दोलक आहे. आवर्तकाल (एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ) बदलेल का?

उत्तर: हो, किंचित घटेल. g (गुरुत्व त्वरण) च्या जागी √(g²+a²) घ्या, a म्हणजे गाडीचं त्वरण: √(९.८²+२²) ≈ १०. आवर्तकाल २.००७ वरून १.९८७ सेकंदांवर येतो. दोरी सुमारे ११.५° मागे कलते. दोलने त्या कललेल्या रेषेभोवती मोजा, उभ्या रेषेभोवती नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं.

दुसरं उत्तर: प्रत्यक्ष मोजणं मात्र अवघड. १० सेकंदांत गाडी ताशी ७२ किमीवर पोचते, म्हणजे जेमतेम पाच दोलनं! लिफ्ट बरी: तेवढ्याच त्वरणाने वर वेग घेताना g+a, आवर्तकाल १.८३ सेकंद.

प्रश्नकर्ता: आणि खंबाटकीच्या उतारावर?

उत्तर: ब्रेक, घर्षण नसेल तर g च्या जागी g cosθ (θ म्हणजे उताराचा कोन), आवर्तकाल वाढेल. एकसमान वेगाने उतरली तर फरक शून्य.