मदत हवी आहे: दादाचं मुतखड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन अर्ध्यावर थांबवलं, स्टेंट घालून घरी पाठवलंय

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. दादा (वय ४१) शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर आहे. दिवसभर धगीपुढं घाम निथळतो आणि पोटात पाणी जेमतेम दोन तांबे. डाव्या कुशीत दुखायला लागलं, लघवी लाल झाली. सीटी स्कॅनमध्ये डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात १४ मिमीचा खडा निघाला.

डॉक्टर म्हणाले, बाहेरून धक्के देऊन खडा फुटेल, पण खालच्या कप्प्यातला चुरा सहजी वर चढून बाहेर पडत नाही. पाठीतून भोक पाडून काढायचे ते शक्यतो २० मिमीच्या वरचे. म्हणून आरआयआरएस करू. लघवीच्या वाटेनं लवचीक दुर्बीण किडनीपर्यंत न्यायची, वाकवून त्या कप्प्यात शिरायचं आणि लेसरनं खड्याची पूड करायची. चिरफाड नाही म्हटल्यावर आम्ही तयार झालो.

मंगळवारी भूल दिली. थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. मूत्रनलिका अरुंद आहे, दुर्बीण वर जात नाही, जोर केला तर नलिका फाटेल म्हणाले. डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत राहणारी बारीक लवचीक नळी) घातलाय, १५ दिवसांनी परत यायचं. खडा जिथल्या तिथं!

तेव्हापासून घरात धुसफूस आहे. आई म्हणते पैसे गेले आणि खडा राहिला. मामा म्हणतात पुण्याला न्या. मला डॉक्टरांचा राग नाही, त्यांनी सरळ सांगितलं. पण परत भूल, परत खर्च, आणि दादाचा पगार बंद. असं दोन टप्प्यांत कोणाचं झालंय का? त्याला सारखं लघवीला जावं लागतं, करताना कुशीत कळ जाते, रंगही लालसर आहे. स्टेंट आत असताना भट्टीवर जाऊ द्यावं का?

प्रतिसाद १

माझ्या मिसेसचं अगदी असंच झालं होतं. डॉक्टरांनी थांबवलं ते बरंच केलं. स्टेंट आत राहिला की नलिका आपोआप सैल होते आणि दुसऱ्या वेळी दुर्बीण सहसा जाते. लघवी करताना थोडी स्टेंटमधून उलटी किडनीकडं चढते, म्हणून कळ. टॅमसुलोसिनची (नलिकेचे स्नायू सैल करणारी) गोळी चालेल का, डॉक्टरांना विचारा. लालसर रंग चालतो, पण रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. दुसऱ्या टप्प्याआधी लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ती तपासणी) झालंय ना? खडा फोडल्यावरही बहुतेक वेळा स्टेंट ठेवतात. तो काढायची तारीख कॅलेंडरवर लिहाच. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, जरा शांत झाली. कल्चरचं आमच्या ध्यानातच नव्हतं, उद्या विचारतो. भट्टीवर काम करणारं कोणी असेल तर स्टेंट असताना कामावर कधी गेलात, तेवढं सांगा.