धारप-मतकरींनंतर काय? भय, अद्भुत, कॉमिक्स सुचवा (भाचीसोबत वाचायला)

कातरवेळ
नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा अकरावीला गेली. ती बंगळुरूत, मी साताऱ्यात. मे महिन्यात पंधरा दिवस राहायला आली होती, तेव्हा कपाटातलं नारायण धारपांचं ‘लुचाई’ तिच्या हाती लागलं. मराठी वाचायची तिला सवय नाही. म्हणून रात्रीची जेवणं उरकली की मी मोठ्याने वाचायचे आणि ती माझ्या पांघरुणात पाय खुपसून ऐकायची. एका रात्री वीज गेली तर म्हणाली, मोबाइलच्या उजेडात वाच, पण थांबू नकोस. नंतर मतकरींचं ‘खेकडा’ झालं, ‘गहिरे पाणी’ झालं. आता ती परत गेलीय आणि दर रविवारी फोनवर विचारते, मावशी, पुढचं काय?

दोघींनी एकाच वेळी वाचावं आणि रविवारी त्यावर बोलावं, असं काही सुचवा. ती इंग्रजी सहज वाचते, चित्रं छान काढते, त्यामुळे कॉमिक्सही चालतील. रक्ताचा नुसता सडा नको. पुस्तक मिटल्यावर घरातल्याच एखाद्या वस्तूकडे बघताना आत काहीतरी हललं पाहिजे, असं हवं.

माझ्याकडून एक देते. नुकतंच सुझाना क्लार्कचं ‘पिरानेसी’ (2020) वाचलं. संपूर्ण जग म्हणजे एक घर. न संपणारी दालनं, प्रत्येक दालनात पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्राची भरती-ओहोटी. तिथे राहणारा माणूस मासे पकडतो, भरतीच्या वेळा टिपतो, वह्यांची विषयवार सूची ठेवतो आणि तिथे सापडलेल्या तेरा मृतांच्या हाडांना नेमाने खाऊ-पाणी आणि फुलं वाहतो. साल तो आकड्याने मोजत नाही. ‘नैऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस आला ते वर्ष’ असं लिहितो (अल्बट्रॉस म्हणजे मोठा समुद्रपक्षी). माझी आजी ‘प्लेगच्या साली’, ‘कोयनेच्या भूकंपाच्या साली’ असंच सांगायची, त्यामुळे तो माणूस मला एकदम आपला वाटला. पुढे कळत जातं की त्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला आधी दिसू लागलंय, आणि तिथून जी काळजी लागते ती शेवटपर्यंत सुटत नाही. अडीचशेच्या आसपास पानं आहेत. पहिली वीस-पंचवीस पानं गोंधळ होतो, तेवढा सोसा.

शाईपेन
‘लुचाई’ आवडलं असेल तर पुढची पायरी जवळच आहे. त्याचा मूळ आधार म्हणजे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ (1975). भाचीला इंग्रजी द्या, तुम्ही ‘लुचाई’ पुन्हा काढा आणि प्रकरणागणिक ताडून बघा. किंगच्या कथेत रक्तपिपासू पिशाचांविरुद्ध क्रूस आहे, पवित्र पाणी आहे, पाद्री आहे. धारपांनी त्याच्या जागी काय आणलं, काय गाळलं, हे दोघींनी शोधावं. मी कॉलेजात असताना मित्राबरोबर हेच केलं होतं आणि रूपांतर म्हणजे किती कष्टाचं काम असतं ते तेव्हा कळलं. धारपांचं ‘शपथ’सुद्धा असंच, किंगच्याच ‘इट’वरून. पण मूळ ‘इट’ हजारावर पानांचं आहे आणि त्यातला काही भाग या वयाच्या मुलीला देण्यासारखा नाही, तेव्हा ते मराठीतच वाचा.

आणि धारपांची ‘आजी’ ही कथा सोडू नका. घरात एकटं पोर आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी, एवढंच भांडवल. ‘तुंबाड’ (2018) सिनेमाचं बीज या कथेत आहे. आधी कथा वाचा, मग सिनेमा बघा.

घोंगडी
चित्रं काढणारी मुलगी आहे म्हणता, तर जुन्जी इतोचं ‘उझुमाकी’. जपानी कॉमिक आहे, म्हणजे मांगा. 1998-99मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलं, आता एका जाड खंडात मिळतं. उजवीकडून डावीकडे वाचायचं, हाताला सवय व्हायला दहा पानं जातात.

गोष्ट एवढीच की एका लहान गावाला वेटोळ्याच्या आकाराने झपाटलंय. भूत नाही, सूड नाही, नुसता आकार. नायिकेच्या मित्राचे वडील वेटोळं असलेल्या वस्तू घरात साठवू लागतात, गोगलगायीकडे तासन्‌तास बघत बसतात. ते ज्या तऱ्हेने जातात ते मी सांगत नाही. त्यानंतर त्यांची बायको वेटोळ्याला इतकी घाबरते की डोक्यावरचे केस काढून टाकते. मग तिची नजर स्वतःच्या बोटांच्या पेरांकडे जाते. तिथेही वेटोळी आहेत.

हे पान मी रात्री साडेअकराला वाचलं आणि दिव्याखाली स्वतःची बोटं बघत बसलो. लहानपणी आत्या आमचे हात धरून शंख किती, चक्रं किती मोजायची. दहाही चक्रं असली तर राजा होणार म्हणायची. त्या लाडाच्या आठवणीत इतो कुठून शिरला कळलंच नाही. तुम्ही म्हणता ना, घरातली वस्तू हलली पाहिजे? इथे स्वतःचा हातच परका होतो. दिवाळीत चकल्या पाडतानाही मला ते पुस्तक आठवलं.

चित्रं शाईच्या बारीक रेघांची. साध्या पानांवर साधी घरं, साधे चेहरे, आणि पान उलटलं की पूर्ण पानभर ते एक चित्र. भीती पान उलटण्याच्या त्या क्षणात दडवून ठेवलीय. भाचीला म्हणावं, ते कसं साधलंय ते नीट बघ.

पानगळ
घोंगडी, पुस्तक थोर आहे हे मान्य. पण सोळा वर्षांच्या मुलीला सरळ हातात देऊ नये असं मला मनापासून वाटतं. दवाखान्याची आणि बाळंतिणींची जी प्रकरणं आहेत ती माझ्या मनातून वर्षभर गेली नाहीत. कातरवेळ यांनी आधी स्वतः वाचावं आणि मग ठरवावं.

माझं सुचवणं जी. ए. कुलकर्णी, ‘रमलखुणा’मधली ‘इस्किलार’. लोक जी.एं.ना अद्भुताच्या कप्प्यात ठेवत नाहीत. का ठेवत नाहीत? अनोळखी भूमी, भविष्य, नियती, सगळं आहे तिथे, आणि मराठी अशी की मोठ्याने वाचावी. तुम्ही फोनवर वाचून दाखवू शकता. दीर्घ कथा आहे, तीन रविवार पुरतील.

आरवलीकडची
थोडं वेगळं. भाचीला ‘चांदोबा’चे जुने अंक दाखवलेत का? विक्रम-वेताळाच्या गोष्टीवरचं के. सी. शिवशंकर यांचं ते चित्र, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. मी ते बघूनच अक्षरं शिकले असं आई सांगते. पुढे इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत फँटमचं नावही ‘वेताळ’च होतं.

पण आमच्याकडे वेतोबा म्हणजे भूत नव्हे. आरवलीच्या देवळात त्याला चपला वाहतात, माणसाच्या पायापेक्षा कितीतरी मोठ्या. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी रात्री कुत्री भुंकली की आजी म्हणायची, देव फेरीक भायर पडलो, नीज आता. मला त्या आवाजाची भीती वाटायची आणि त्याच आवाजाने झोपही लागायची. भयकथांत वेताळ नेहमी छळायलाच येतो, त्याचं मला वाईट वाटतं. राखणदार वेताळाची गोष्ट नव्या कुणी लिहिली असेल तर मलाही सांगा.

शाईपेन
@आरवलीकडची, हे तुम्हीच लिहा. खरंच सांगतोय.

मातीचा_रंग
भयकथा नाही, तरी चित्रांसाठी ‘भीमायन’ (2011) सुचवतो. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या प्रसंगांवर आहे. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. त्यांनी चौकोनी खण आखलेच नाहीत, अंगणातल्या ‘दिगणा’ या गोंड नक्षीने पान विभागलं. आगगाडीचा साप होतो, किल्ल्याचं जनावर होतं. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि ज्याच्या शब्दात डंख आहे त्याच्या संवादाच्या फुग्याला विंचवाची नांगी. एकदा हे समजलं की माणूस काय बोलला ते वाचायच्या आधी नांगी दिसते.

छोटा भीम तहानलेला आहे आणि शाळेत शिपाई असल्याशिवाय त्याला पाणी मिळत नाही, ती पानं बघा. तुम्ही साताऱ्याच्या, आणि ती शाळाही साताऱ्यातलीच. मला कुठल्याही भुतापेक्षा त्या पानांनी जास्त हलवलं.

कातरवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण वाचून मगच लिहायचं ठरवलं होतं.

‘उझुमाकी’ आधी मी वाचलं. पानगळ, तुमचं खरं आहे, दवाखान्याच्या प्रकरणाशी मी दोन दिवस थांबले. ताईशी बोलले, मग भाचीला सांगितलं की पहिली दोनच प्रकरणं वाच, बाकीचं डिसेंबरात इथे आलीस की माझ्या शेजारी बसून. कुरकुरली, पण ऐकलं. ‘भीमायन’ तिच्या कॉलेजच्या वाचनालयातच निघालं. तिने वहीत विंचवाच्या नांगीचे फुगे काढून वर्गातल्या दोन मुलींचं भांडण रंगवलंय, फोटो पाठवला होता. ‘इस्किलार’ या रविवारी सुरू केलं. शब्द अडले की ती मध्येच थांबवते, आणि एका बैठकीत चारच पानं होतात. तीन रविवारांत काही संपत नाही, पण मला घाई नाही.

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता म्हणाली, मावशी, एक मिनिट थांब. मग बराच वेळ काही बोललीच नाही. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, मोजतेय. डाव्या हाताला तीन चक्रं आहेत, दोन शंख. उजवा मी आज नाही बघणार.