ऑफिसातली माशांची टाकी : तुमचे अनुभव लिहा

काचमासा
आज ऑफिसची स्टोअररूम आवरताना फायलींमागे मासे पकडायची हिरवी जाळी सापडली आणि आमची रिसेप्शनवरची पहिली टाकी आठवली. 60 लिटरची. शनिवारी आणली, त्याच दिवशी पाणी भरलं, त्याच दिवशी आठ गोल्डफिश सोडले. पंधरवड्यात एकेक करत सगळे गेले. शेवटचा गेला तेव्हाही पाणी नितळ होतं, म्हणून तर काय चुकलं ते कळेना. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही हे मागाहून समजलं. तो पचवणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर धरायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनियाचं नायट्राइट, मग त्याचं नायट्रेट. आम्ही तेवढा वेळच दिला नाही. शिवाय गोल्डफिश भरपूर घाण करणारे, आठांना 60 लिटर म्हणजे कोंडवाडाच. दुसऱ्या वेळी माशांविना टाकी चालवली, पाणी तपासायच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच सहा निऑन टेट्रा आणले. ते टिकले. तुमचंही लिहा, चांगलं-वाईट सगळं.

रातपाखरू
खाद्याचं कुणी बोलत नाही! आमच्याकडे सकाळी सफाईच्या मावशी, दुपारी अकाउंट्सवाले, रात्री वॉचमनकाका, सगळे मायेने टाकायचे. तळाशी कुजायचं ते. शेवटी डबा ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. मावशी हिरमुसल्या, मग सकाळचं काम त्यांच्याकडेच दिलं. दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट. आता त्या दिसल्या की मासे काचेशी येतात.

निवांत
आमचा घात सुट्टीने केला. शुक्रवारी जाताना कुणीतरी मेन स्विच पाडायचं. फिल्टर बंद, हीटर बंद. दोन दिवस उपाशी राहिल्याने माशांना काही होत नाही, पण पाणी वाहिलं नाही की ते जीवाणू गुदमरतात. टाकीला वेगळी लाइन घ्या.

काचमासा
निवांत, अगदी. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने सगळे जीवाणू जातात. पाणी बदलताना बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळायचा.

दुपारची
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. 200 लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच 200 किलो, वर काच आणि खडी. आम्ही फायलींच्या कपाटावर ठेवली होती. महिनाभरात फळी वाकली. तळातल्या काचेवर ताण येत होता, रात्री उशिरापर्यंत थांबून सगळ्यांनी मिळून उपसली. खिडकीतही ठेवू नका, उन्हाने नुसतं शेवाळ. बाकी नंतर.

अबोली७
माझ्या टेबलावर छोट्या वाडग्यात एक बेटा मासा होता. "त्याला काही लागत नाही" असं सांगून दिला होता मला. दोन महिने. अजून रुखरुख लागते.

रातपाखरू
अबोली, तुझं काही चुकलं नाही गं, तुला सांगितलंच तसं. बेटा पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, त्यावरून लोकांचा तो समज झालाय. पण त्यालाही वीसेक लिटर पाणी, हीटर आणि फिल्टर हवाच.

अबोली७
बरं वाटलं ताई वाचून. आता आमच्या नव्या ऑफिसात माझ्यावरच टाकी सोपवलीय. उजेड कमी आहे, झाडं जगतील?

निवांत
अनुबियास, जावा फर्न. खडीत पुरू नको, लाकडाला दोऱ्याने बांध. आणि वायर प्लगपेक्षा खाली लोंबू दे, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जात नाही.

दुपारची
आले परत. काचमासा, तुमच्या बदलीचं काय झालं? झाली तर टाकी कोण बघणार?

काचमासा
झाली, पुढच्या महिन्यात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तीन आठवडे शिकवतोय, परवा तिने एकटीने पाव टाकी पाणी बदललं. जाळी तिच्याकडे दिली.

अबोली७
मी उद्या पाणी भरतेय. मासे नाही, फक्त पाणी. किट आणलंय.