मदत हवी आहे: झ्यूस ग्रीक, मग हर्क्युलस रोमन का?

मंडळी, शाळेतल्या मुलांसाठी ग्रीक गोष्टी मराठीत लिहायला घेतल्यात आणि नावांपाशीच अडलोय. झ्यूस, अथीना, पोसायडन ही ग्रीक नावं सगळ्यांना पाठ, पण हेराक्लीस म्हटलं की कोणी ओळखत नाही, तिथे रोमन हर्क्युलसच लागतो. डिस्नेच्या १९९७ च्या पिक्चरमध्ये पण तेच, बाप झ्यूस, आई हेरा आणि पोरगा हर्क्युलस! (हेराला आई केलंय हे तर अजूनच भारी, मूळ गोष्टीत ती सावत्र आणि त्याच्या जिवावर उठलेली.)

मला कळतं ते एवढंच की पश्चिम युरोपात शेकडो वर्षं लॅटिन चालायची, ग्रीक वाचणारे अगदी थोडे, १३९७ मध्ये क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित फ्लॉरेन्सला शिकवायला आला तेव्हा कुठे जरा सुरुवात झाली, तोवर गोष्टी ओव्हिड-व्हर्जिल या रोमन कवींकडूनच पोचलेल्या त्यामुळे नावंही त्यांचीच. कवी अलेक्झांडर पोपचं ओडिसी या ग्रीक महाकाव्याचं इंग्लिश भाषांतर १७२५-२६ मध्ये आलं तेव्हाही हिरो रोमन नावाचा युलिसिसच होता. पुढे १९व्या शतकात ग्रोटसारख्या इतिहासकारांनी ग्रीक नावं परत आणली.

मग ज्युपिटरचा झ्यूस झाला, युलिसिसचा ओडिसियस झाला, तर हर्क्युलस आणि प्रेमदेव क्युपिड (ग्रीक इरॉस) हेच का सुटले? क्युपिडचं समजू शकतो, व्हॅलेंटाइनच्या कार्डांनी वाचवलं असेल. पण हर्क्युलस? तारकासमूहाच्या नावामुळे की अजून काही?

कोणी यावर नीट वाचलंय का? आणि मुलांसाठी लिहिताना सगळी ग्रीक नावं ठेवू की हर्क्युलसला सूट देऊ?